‘आम्ही इथं आहोत’ म्हणणाऱ्या किसनअण्णांविषयी

मंडळी,

उन्हं कलली तरी तुम्ही सगळे बसून आहात. औंधाकडनं माणसं आलीत. पार जतकडनं माणसं आलीत, मिळेल त्या गाडीनं, काही जण तर उभ्यानं. किसनअण्णांच्या शोकसभेला एवढी माणसं जमली, हे बघून मला बरं वाटायला पाहिजे. पण खरं सांगतो, मला मान वर करवत नाही. मघापासून मी जमिनीकडं बघत बसलोय.

मी शंकर. गावाला सांगायला नको, पण बाहेरनं आलेल्यांसाठी सांगतो. मी फौजेत ड्रायव्हर होतो. हल्ली फलटणकडं कारखान्याचा ट्रक चालवतो. मला भाषण येत नाही. चुकलं तर पदरात घ्या.

माझ्या आधी जे बोलले ते चांगलं बोलले. किसनअण्णांनी सातासमुद्रापलीकडं जाऊन देशाचं नाव उजळलं, असं म्हणाले. परक्या मुलखातल्या लोकांना धीर दिला, असं म्हणाले. एक जण म्हणाले, त्यांच्या नुसत्या आवाजानं तिथली लढाई थांबली.

मंडळी, मी तिथं होतो. अण्णा ज्या जीपमधून बोलायचे ती जीप मी चालवायचो. लढाई थांबली नव्हती.

मी आज बोलणार नव्हतो. काल अण्णांच्या घरी वहिनींकडं जाऊन बसलो होतो. हौसावहिनी मला म्हणाल्या, "भावजी, उद्या तुमी बोला." मी म्हटलं, "वहिनी, मोठमोठी माणसं येणार हायती. त्यात मी काय बोलू?" तर म्हणाल्या, "मोठी माणसं मोठं बोलतील. तुमी झालं ते बोला. त्यांनी जन्मभर सांगायचं बघितलं, कुनी ऐकूनच घेतलं न्हाई. आता तरी ऐकू द्या गावाला."

म्हणून उभा राहिलोय. झालं ते सांगतो.

अण्णांचा आवाज कसा होता, हे इथल्या तरण्या पोरांना माहीतच नाही. तुम्ही तो ऐकलेला नाही. यमाईच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरायचं, तेव्हा जोड पुकारायला किसनअण्णाच लागायचे. हलगी थांबायची. अण्णा मैदानाच्या मधोमध उभे राहायचे आणि पैलवानाचं नाव, त्याचं गाव, त्याचा वस्ताद, असं एकेक सांगायचे. ओरडायचे नाहीत बरं का. नुसतं सांगायचे. तरी टेकाडावर शेवटाला बसलेल्या माणसाला वाटायचं, आपल्याच कानाशी बोलतायत. आणि अण्णा बोलले की ते खरं, असं सगळं मैदान धरून चालायचं. एकदा एका बड्या घरच्या पोराची पाठ लागली. पंच इकडंतिकडं बघायला लागले. अण्णा म्हणाले, "पाठ लागली हाय." संपलं.

असा आवाज घेऊन हा माणूस फौजेत गेला. आणि मग आमची तुकडी आफ्रिकेत गेली.

तो देश तेव्हा नुकता स्वतंत्र झाला होता. आता त्याचं नावसुद्धा बदललंय म्हणतात. तिथं आपसात कापाकापी चालली होती, म्हणून नाना देशांच्या फौजा एकत्र करून पाठवल्या होत्या. भांडणाऱ्यांच्या मधे उभं राहायचं, हे आमचं काम. डोक्यावर निळी टोपी. गोळी चालवायची ती अगदीच जिवावर बेतलं तर. आता अशा ठिकाणी बंदुकीइतकीच जिभेची गरज असते. लोकांना सांगावं लागतं, आम्ही कोण, कशाला आलोय, कुठला रस्ता मोकळा आहे, बाजार कधी भरणार आहे. त्यासाठी तिथं एक माहिती कचेरी होती. ती पत्रकं छापायची, रेडिओवर बोलायची, आणि जिथं रेडिओ नाही तिथं जीपवर कर्णा बांधून माणूस पाठवायची. तो माणूस म्हणजे आपले अण्णा.

तिथली भाषा स्वाहिली. अण्णा ती बाजारात बसून शिकले. शेंगा विकणाऱ्या बाया, सायकली दुरुस्त करणारे, यांच्यात जाऊन बसायचे. एक-एक शब्द तोंडात घोळवायचे. तिकडं आईला ‘मामा’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो. एक बाई होती, भाजलेल्या शेंगा विकायची, तिला सगळे मामा रोझा म्हणायचे. अण्णा मला म्हणाले, "शंकर, बघ रं, बाईमाणूस असून मामा झाली." त्या बाईनं अण्णांना निम्मी भाषा शिकवली. अण्णा चुकले की ती शेंगेचं फोल त्यांच्या अंगावर फेकायची.

सुरुवातीला लोकांचा आमच्यावर विश्वास नव्हता. कसा असेल? एकदा कुणीतरी उठवलं, निळ्या टोपीवाल्यांनी विहिरीत विष टाकलं. सगळी वस्ती पाणी सोडून पळायच्या बेतात. कचेरीनं पत्रक काढायचं ठरवलं. अण्णा म्हणाले, "पत्रक छापून येईस्तोवर लोकं जातील." त्यांनी कर्ण्यावरनं काही सांगितलं नाही. विहिरीवर गेले, पोहरा ओढला, सगळ्यांसमोर पाणी प्याले आणि तिथंच कठड्यावर बसून राहिले. मामा रोझा समोर बसली, डोळे लावून. उन्हं उतरली तरी माणूस मरत नाही, हे बघून तीच उठली, तिनंच पोहरा टाकला आणि प्याली. मग सगळे प्याले.

त्या दिवसापासून वस्तीत अण्णांचा शब्द चालायला लागला. जसा आपल्या मैदानात चालायचा तसा.

मंडळी, मला वाटतं तेवढ्यावरच थांबावं. इथपर्यंतची गोष्ट अण्णांना स्वतःलाही आवडायची. पण वहिनी माझ्याकडं बघतायत. पुढं सांगतो.

मग दंगल जवळ आली. पलीकडच्या मुलखातले हत्यारबंद लोक या वस्तीवर येणार, अशी आवई उठली, आणि निम्मी वस्ती रानात पळून गेली. पोरंबाळं घेऊन, हाताला लागेल ते घेऊन. कचेरीच्या साहेबांनी अण्णांना बोलावलं. गोरा माणूस होता. वाईट नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. त्यालाही वरनं सांगितलेलं असायचं. तो म्हणाला, लोकांना परत बोलवा. आपली चौकी पुलावर आहे, आपण त्यांचं रक्षण करू, असं सांगा.

अण्णांनी विचारलं, "साहेब, चौकी किती दिवस राहणार आहे?"

साहेब म्हणाला, "ते मी ठरवत नाही. तुम्ही एवढं सांगा, की आम्ही इथं आहोत."

तर ‘आम्ही इथं आहोत’ याला तिथं म्हणतात, ‘तुको हापा’. आम्ही रानाच्या कडेकडेनं जीप फिरवायचो आणि अण्णा कर्ण्यातनं सांगायचे: भिऊ नका. घरी या. तुको हापा. तुको हापा. झाडीतनं कुणी दिसायचं नाही. नुसतं रान. पण ऐकत होते. पहिल्यांदा म्हातारी माणसं बाहेर आली. मग बाया आल्या. मामा रोझा आली, डोक्यावर गाठोडं, मागं लेकीची पोरं. तिनं जीप थांबवली. अण्णांना विचारलं, "तू राहणार ना?"

अण्णा म्हणाले, "राहणार."

तिनं मागं वळून रानाकडं बघून हाक दिली. आणि मग रान मोकळं झालं, मंडळी. माणसांची रांगच लागली. आम्ही दोघं खूष. मला आठवतंय, परत येताना अण्णा गाणं गुणगुणत होते.

मग काही दिवसांतच हुकूम आला. चौकी उठवायची. दुसरीकडं जास्त गरज होती, आणि माणसं कमी होती. फौजेत असं होतं. हुकूम चूक होता असं मी म्हणत नाही. मला तेवढं कळत नाही. पण अण्णा साहेबाकडं धावत गेले. मी दाराशी उभा होतो; इंग्रजीतलं ते बोलणं अण्णांनी मला नंतर सांगितलं. अण्णा म्हणाले, "साहेब, मला एकदा बोलू द्या. आम्ही चाललोय एवढं सांगू द्या. ज्यांना रानात जायचंय ते जातील."

साहेब म्हणाला, "सांगितलं तर लोक गाड्यांपुढं आडवे पडतील. आपल्याला निघताच येणार नाही. कर्णा बंद ठेवा."

अण्णा म्हणाले, "साहेब, त्यांना मी बोलावलंय."

साहेबानं मान फिरवली. त्यालाही लाज वाटली असेल. पण कर्णा बंद.

सकाळच्या वेळी आम्ही निघालो. बाजार नुकता भरत होता. लोकांना वाटलं, रोजच्यासारखी गस्त आहे. हात हलवत होते. अण्णा माझ्या शेजारी बसलेले, माइक मांडीवर. मी गाडी मुद्दाम हळू चालवली. मला वाटत होतं, अण्णा आता बोलतील. हुकूम गेला खड्ड्यात, आता बोलतील. आणि मला हेही वाटत होतं, की नको, बोलू नका, आपल्याला इथनं निघायचंय. दोन्ही वाटत होतं, मंडळी. एकाच वेळी.

मामा रोझा आडवी आली. पानात बांधलेल्या शेंगा तिनं अण्णांच्या मांडीवर ठेवल्या, माइकच्या शेजारी. आणि तिनं विचारलं, "उद्या येणार ना?"

अण्णांनी मान हलवली. होय म्हणून.

पुढं कैक वर्षांनी ते मला म्हणाले होते, "शंकर, तोंडानं खोटं बोलायची बी हिंमत झाली न्हाई रं माझी. मानंनं बोललो."

चौकी उठल्याचं कळायला पलीकडच्यांना वेळ लागला नाही. पुढं चौकी परत बसवायचं ठरलं, आणि आम्ही परत त्या वस्तीत गेलो तेव्हा निम्मी घरं जळालेली होती. बाजाराच्या जागी नुसती राख आणि कुत्री. किती माणसं गेली ते कुणीच नीट सांगत नव्हतं. उरलेले रानात. आणि आमच्या कचेरीनं काय करावं? साहेबानं अण्णांच्या हातात परत माइक दिला. म्हणाला, लोकांना घरी बोलवा. आता चौकी पक्की आहे.

अण्णांनी माइक घेतला. रानाकडं बघितलं. मग माइक खाली ठेवला. साहेबाला इंग्रजीत काहीतरी म्हणाले. नंतर मला त्याचा अर्थ सांगितला. म्हणाले होते, "ज्यांनी माझं ऐकलं ती मेली. ज्यांनी माझं ऐकलं न्हाई ती वाचली. आता मी कुणाला आनि काय सांगू?"

हुकूम मोडला, म्हणून हवालदारकीच्या फिती गेल्या. लंगरखान्यात बटाटे सोलायला बसवलं. ते सोलत बसले. एक शब्द तक्रार नाही. तुमच्यातल्या काही जणांना वाटतं, अण्णांना वर चढू दिलं नाही, अन्याय झाला. अण्णांना तसं कधी वाटलं नाही. ते म्हणायचे, फिती गेल्या ते बरं झालं, हात हलका झाला.

पण त्याआधी एक दिवस आम्ही दोघं मामा रोझाच्या घराकडं चालत गेलो होतो. घराला छप्पर नव्हतं. शेजारी एक सायकलवाला बसला होता. अण्णा ज्यांच्याजवळ बसून भाषा शिकले त्यातलाच एक. तो एकटाच एक चाक सरळ करत होता. अण्णांनी त्याला विचारलं, मामा रोझा कुठं आहे. त्यानं चाक फिरवून बघितलं. आणि मग अण्णांकडं बघून म्हणाला, "तुको हापा."

एवढंच. रागानं नाही. ओरडून नाही. आम्ही इथं आहोत. टोमणा होता, की आपलं नुसतं सांगत होता, की बाबा, आम्ही उरलेले इथं आहोत? मला आजवर कळलं नाही. अण्णांनाही कळलं नाही. आम्ही परत फिरलो.

आता गावाचं सांगतो. वाईट वाटून घेऊ नका. मीही गावचाच आहे.

आम्ही सुट्टीवर आलो तेव्हा तुम्ही वेशीपासनं लेझीम लावून मिरवणूक काढलीत. फेटे बांधलेत. मारुतीच्या देवळापुढं सत्कार केलात. आणि अण्णांना म्हणालात, दोन शब्द बोला. अण्णा उभे राहिले. म्हणाले, "मंडळी, माझा सत्कार करू नका. आमी तिथल्या लोकांना फशिवलं."

आठवतं का कुणाला? आठवत असेल. पुढच्या ओळीत काही जण हसले. वाटलं, अण्णा नम्रपणानं बोलतायत. अण्णांनी परत सांगायला घेतलं, तर मागनं कुणीतरी घोषणा दिली आणि हलगी सुरू झाली. हलगीपुढं अण्णांचा आवाजसुद्धा चालला नाही. ते उभे होते, ओठ हलत होते, आणि आपण नाचत होतो.

पुढं तर कहर झाला. पारावर अण्णा येऊन बसले की कुणीतरी म्हणायचं, "अण्णा, ती आफ्रिकेची भाषा बोला की वाईच." पाहुणेरावळे आले की, "आमच्या गावात एक जण हाय, तुमाला आफ्रिकन बोलून दाखवतो." लहान पोरं त्यांच्या मागं ‘तुको हापा, तुको हापा’ म्हणत पळायची, कारण एकदा त्यांच्या तोंडून ते निसटलं होतं. पोरांचा काय दोष? पण मोठी माणसं हसायची. अण्णा उठून घरी जायचे. वहिनी सांगतात, घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसायचे. जत्रेत कुस्त्या पुकारायला लोक बोलवायला यायचे, दरवर्षी यायचे. दरवर्षी एकच उत्तर. "माझा आवाज गेलाय." आवाज कुठं गेला होता? जनावरांना हाक मारली की शिवारभर ऐकू यायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. जतकडची मंडळी आलीत, त्यांना मी काय सांगू. तिकडं माणसं खडी फोडत होती आणि पाण्यासाठी टँकरच्या वाटेकडं डोळे लावून होती. मी तेव्हा धान्याचा ट्रक घेऊन तिकडं जायचो. अण्णाही पोटासाठी तिकडं गेले, खडी फोडायला. कामावरच्या कुणा अधिकाऱ्याला समजलं, की हा माणूस फौजेत कर्ण्यावर होता. त्यांनी सांगितलं, जीपवर चला, कुठं काम निघालंय, टँकर कुठं येणार, ते गावोगाव पुकारा. अण्णा नाही म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मग तिथली एक बाई, मोकळी घागर घेऊन बसली होती, ती म्हणाली, "आवं दादा, टँकर येऊ दे न्हाईतर न्हाई येऊ दे. पर कुनीतरी सांगा तरी काय ते. आमाला कुनी सांगतच न्हाई."

अण्णा गेले. त्यांनी कर्णा धरला. पण अधिकाऱ्याला म्हणाले, "जे डोळ्यांनी बघितलंय तेवढंच सांगंन."

एक दिवस काय झालं, टँकर आलाच नाही. बायाबापड्या काम सोडून रस्त्यावर येऊन बसल्या. आणि त्याच दिवशी वरचे साहेब येणार होते. अधिकारी घाईघाईनं आला. माझा ट्रक तिथंच उभा होता, मी सगळं ऐकलं. तो म्हणाला, "मिरजेहून टँकर निघालाय म्हणून सांगा. लोकांना कामावर जाऊ दे."

अण्णा म्हणाले, "निघालाय का?"

"निघेल हो. तुम्ही सांगा तर."

अण्णांनी कर्णा तोंडाशी धरला. मला माहीत होतं, आता काय होणार. अण्णा म्हणाले, "मंडळी, टँकर निघालेला न्हाई. कवा निघंल मला ठावं न्हाई. ज्यांना दुसरीकडं पाणी मिळण्यासारखं हाय त्यांनी वाट बघू नये. मी हितंच हाय."

मंडळी, तुम्हाला वाटेल लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. तसं काही झालं नाही. बाया त्यांच्याच अंगावर धावल्या. "मग कर्णा घेऊन कशाला फिरतोस रं मुडद्या?" एकीनं माती उचलून मारली. अण्णा उभे राहिले. एक धनगर मात्र जवळ आला, सीमेकडचा, बोलताना अर्धं कानडी. त्यानं विचारलं, "खरं काय री? येत न्हाई?" अण्णा म्हणाले, "मला ठावं न्हाई." त्या माणसानं त्याच पावली मेंढरं वळवली आणि कृष्णेच्या वाटेला लागला. तो धनगर आज आलाय. तिकडं मागं बसलाय. तो मला मघाशी म्हणाला, ‘येतो’ म्हणून सांगितलं असतं तर मी बसून राहिलो असतो आणि मेंढरं गेली असती.

अण्णांचं काम त्याच दिवशी गेलं. परत खडी.

मी त्यांना ट्रकच्या सावलीत म्हणालो, "अण्णा, आज फिटलं म्हणायचं." मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला पळून जावंसं वाटलं. म्हणाले, "काय फिटलं? हितलं खरं तिथल्या खोट्याला लागत न्हाई, शंकर. ती मानसं येगळी. त्यांचं त्यांनाच द्यावं लागतं. आनि ती तर..."

आता शेवटचं सांगतो. परवा परवाची गोष्ट. मिरजेच्या दवाखान्यात त्यांना भेटायला गेलो. छातीचा भाता झालेला. आवाज खरंच गेला होता, कान तोंडाजवळ न्यावा लागायचा. वहिनी पाणी आणायला बाहेर गेल्या होत्या. अण्णांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "शंकर, ती वाचली असंल का रं?"

कोण, ते विचारायची गरज नव्हती.

मी म्हणालो, "वाचली असंल, अण्णा. नक्की वाचली असंल."

अण्णा म्हणाले, "तुला ठावं हाय?"

मी त्यांचं पांघरूण सारखं करायला लागलो.

"तुला ठावं हाय का, शंकर?"

मी म्हणालो, "न्हाई, अण्णा."

"मग न्हाई म्हन."

मरणाऱ्या माणसाला मी धीर द्यायला गेलो होतो, मंडळी. आणि त्यानं मला परत जागेवर आणून बसवलं. मला त्या खाटेशेजारी जी लाज वाटली, तशी त्या जीपमध्येसुद्धा वाटली नव्हती. मग मी तसाच बसून राहिलो. त्यांचा हात माझ्या हातात. थोड्या वेळानं वहिनी आल्या.

मंडळी, माझी एक विनंती आहे. ती माझी नाही, वहिनींची आहे. अण्णांना शूर म्हणू नका. थोर म्हणू नका. त्यांच्या नावानं काही उभं करायचं असेल तर करा, पण त्यावर खोटं काही लिहू नका. आपल्याला ज्यांचं तोंडसुद्धा कधी दिसलं नाही, अशा लांबच्या माणसांपुढं या माणसाला जन्मभर लाज वाटली. शेताच्या बांधावर वाटली, पारावर वाटली, झोपेत वाटली. ज्यांनी हुकूम दिला त्यांना वाटली की नाही, मला माहीत नाही. ज्यानं गाडी चालवली त्याला वाटते. पण त्या सगळ्या लाजेचं ओझं एकट्या किसनअण्णांनी वाहिलं. आणि आपण त्यांना म्हणत होतो, अण्णा, ती भाषा बोलून दाखवा.

आता ते ओझं खाली पडलंय. कुणीतरी उचललं पाहिजे.

सगळ्यांनी जरा उभं राहूया. टोप्या काढूया. पण आधी अण्णांसाठी नको, त्यांना ते आवडणार नाही. आधी त्या वस्तीतल्या माणसांसाठी उभं राहू, जी आमच्या सांगण्यावरनं रानातनं घरी आली. त्यांची नावं मला माहीत नाहीत. एकच माहीत आहे, मामा रोझा, आणि ती आहे की नाही, मला ठावं न्हाई. मग अण्णांसाठी.

किसनअण्णा, रामराम घ्या.

मंडळी, कुणी काही बोलू नका आता. लहान पोरांना जवळ घ्या. गप्प उभं राहू.